खाजणातल्या कार्बनचा हिशेब: हवामानाची अनिश्चितता आकड्यांत कशी आणायची

मुंबईतल्या खारफुटीच्या एखाद्या तुकड्याचं आर्थिक मूल्य काढणारे अहवाल बहुधा एकाच वाटेने जातात. हेक्टरी कार्बन काढायचा, टनाच्या भावाने गुणायचं, तीस वर्षांचं निव्वळ वर्तमान मूल्य (पुढच्या फायद्या-खर्चाची आजची किंमत) मांडायचं आणि शेवटच्या पानावर "हवामान बदलामुळे अंदाज बदलू शकतात" असं लिहून मोकळं व्हायचं. पण समुद्र किती वेगाने चढतो यावरच झाडं तगणार का, चिखलात कार्बन साठणार का, मिथेन किती निघणार आणि त्या टनाची समाजाला किंमत काय, हे सगळं ठरतं. म्हणून ही अनिश्चितता पहिल्या ओळीपासून हिशेबात घ्यावी लागते. खालची पद्धत ठाणे खाडी, गोराई, मालाड, माहूल अशा ठिकाणच्या खाजणांसाठी आहे. स्प्रेडशीट आणि थोडं सांख्यिकी येत असेल तर ती कुणालाही करता येईल.

आधी तुलना कशाशी, ते ठरवा

प्रकल्प नसता तर काय झालं असतं, याची रेषा आधी आखा. मुंबईत इथेच मोठी गल्लत होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पक्की केली. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही खारफुटीला सर्वात कडक वर्ग आहे. त्यामुळे "आम्ही ही झाडं तोडण्यापासून वाचवली" हा दावा कार्बन बाजारात टिकत नाही. कायद्याने आधीच राखलेलं पुन्हा वाचवल्याचं श्रेय मिळत नाही.

तरीही खारफुटी कमी होते, आणि ती कुऱ्हाडीने क्वचितच होते. डेब्रिजचे ट्रक रिकामे होतात, रस्त्याखालची मोरी तुंबते, मिठागराचा जुना बांध भरतीचं पाणी अडवतो आणि दोन-तीन वर्षांत झाडं उभ्या उभ्या वाळतात. तुलनेच्या रेषेत हा ऱ्हास दाखवा. किमान दहा वर्षांची उपग्रह-चित्रं घ्या, सगळी एकाच महिन्यातली आणि शक्यतो ओहोटीच्या वेळची. भरतीच्या वेळचं चित्र आणि ओहोटीच्या वेळचं चित्र शेजारी ठेवलं तर न झालेली घट झाल्यासारखी दिसते.

वनजमीन वळवताना भरायच्या निव्वळ वर्तमान मूल्याचे दर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये ठरवले होते आणि पुढे ते वाढवले गेले. तो भरणा आहे. तुमच्या तुकड्याचं मूल्य म्हणून तो आकडा उचलू नका.

झाडं मोजणं

पाण्याच्या कडेशी काटकोनात रेघ धरा. रेघेवर २५ मीटरच्या अंतराने ७ मीटर त्रिज्येचे सहा गोल आखा. ५ सेंटिमीटरपेक्षा बारीक खोडं मधल्या २ मीटर त्रिज्येतच मोजा. शहरातले पट्टे पुष्कळदा १२५ मीटर रुंद नसतात. मग एक लांब रेघ ओढूनताणून बसवण्यापेक्षा खाडीलगत, मधला आणि जमिनीलगतचा असे थर पाडून प्रत्येकात वेगळे गोल घ्या. तिवराचा घेर १.३ मीटरवर मोजा. कांदळाचा घेर सर्वात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर मोजा.

खारफुटीसाठी सर्रास वापरलं जाणारं समीकरण असं: जमिनीवरचं कोरडं वजन किलोत = ०.२५१ × लाकडाची घनता × व्यासाचा २.४६ वा घात. मुळांसाठी ०.१९९ × घनतेचा ०.८९९ वा घात × व्यासाचा २.२२ वा घात. घनता ०.६५ धरली तर १२ सेंटिमीटर व्यासाच्या तिवराचं वरचं वजन सुमारे ७४ किलो आणि मुळं ३४ किलो येतात. वरच्याचे ४५ टक्के आणि मुळांचे ३९ टक्के कार्बन धरला की सुमारे ४६ किलो कार्बन, म्हणजे १७० किलो कार्बन डायऑक्साइड. व्यास १२ ऐवजी १३ लिहिला गेला तर जमिनीवरचं वजन २२ टक्क्यांनी फुगतं. म्हणून घेर मोजून ३.१४ ने भागा. अंदाजाने व्यास लिहू देऊ नका.

गोल किती हवेत? गोलागोलातला फरक सरासरीच्या ४० टक्के असेल आणि ९० टक्के खात्रीने २० टक्क्यांच्या आतली चूक चालणार असेल, तर (१.६४५ × ४० ÷ २०) चा वर्ग, म्हणजे ११. नमुना लहान असल्याने प्रत्यक्षात १३ घ्या. चूक १० टक्क्यांवर आणायची तर किमान ४४ गोल लागतात. तेवढा खर्च झाडांवर करण्याआधी पुढचा भाग वाचा.

चिखल: खरा साठा आणि खरी अनिश्चितता

खारफुटीतला बहुतांश कार्बन झाडांत नसून पायाखालच्या चिखलात असतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१३ च्या पाणथळ-पुरवणीत वरच्या एक मीटरसाठी हेक्टरी ३८६ टन कार्बन हा सर्वसाधारण आकडा दिला आहे. खनिज मातीसाठी तो २८६ आहे. हे जागतिक सरासरी आकडे आहेत. मुंबईच्या खाड्यांत पावसाळी गाळ भरपूर येतो आणि तो कार्बन पातळ करतो. समजा तुमच्या नमुन्यात मातीची घनता घनसेंटिमीटरला ०.७ ग्रॅम आणि कार्बन २.५ टक्के निघाला. मग ०.७ × २.५ × १०० सेंटिमीटर = हेक्टरी १७५ टन. जागतिक आकडा वापरला असता तर साठा दुपटीहून जास्त दाखवला गेला असता, आणि पुढची कोणतीही माँटे कार्लो मांडणी (हजारो सोडती काढून उत्तराचा पट्टा शोधण्याची रीत) ती चूक दुरुस्त करू शकली नसती. पैसे कमी असतील तर झाडांचे गोल कमी करा, पण चिखलाचे नमुने सोडू नका.

अर्ध्या नळीचा, उघड्या तोंडाचा ऑगर (चिखलाचा नमुना काढायचं गिरमिट) वापरा. बंद नळी ठोकून घातली की मऊ चिखल दबतो आणि घनता जास्त येते. नळी वापरावीच लागली तर आतली आणि बाहेरची खोली मोजून दाब नोंदवा. ०–१५, १५–३०, ३०–५० आणि ५०–१०० सेंटिमीटर या प्रत्येक थराच्या मधला ५ सेंटिमीटरचा तुकडा कापा. ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मग मुंबईला खास लागणारी दोन कामं करा.

पहिलं, प्लास्टिक वेचा. पिशव्यांचे धागे आणि थर्माकोलचे कण भट्टीत जळतात आणि सेंद्रिय पदार्थ म्हणून मोजले जातात. २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, उरलेलं भिंगाखाली पाहा. दुसरं, शिंपल्यांचा चुना. कार्बन-विश्लेषक यंत्रात नमुना देण्याआधी सौम्य आम्लाने चुना काढला नाही तर शिंपल्यातला अजैविक कार्बनही साठ्यात मोजला जातो.

याशिवाय सांडपाण्याबरोबर आणि नद्यांबरोबर बाहेरून आलेला कार्बन असतोच. मिठी, दहिसर, ओशिवरा, पोईसर या नद्या जे आणतात ते तुमच्या झाडांनी हवेतून शोषलेलं नाही. कार्बन क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या व्हेरा या संस्थेच्या व्हीएम००३३ पद्धतीतही बाहेरून आलेल्या कार्बनची वजावट करावी लागते.

मिथेन विसरलात तर हिशेब उलटू शकतो

भरतीचं पाणी परत आणलेल्या खारफुटीत दरसाल हेक्टरी १.६२ टन कार्बन मातीत साठतो, असा आयपीसीसीचा सर्वसाधारण दर आहे. म्हणजे ५.९ टन कार्बन डायऑक्साइड. हा आकडा अहवालांत झळकतो. त्याच पुरवणीत आणखी एक आकडा आहे: क्षारता हजारी १८ पेक्षा कमी असेल तर दरसाल हेक्टरी १९३.७ किलो मिथेन; त्याहून जास्त असेल तर शून्य. हवा तापवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला की हे ५.४ टन कार्बन डायऑक्साइडइतकं होतं. म्हणजे वर्षभर गोडं पाणी साचणाऱ्या तुकड्यात साठवणुकीचा जवळजवळ सगळा फायदा मिथेन खाऊन टाकतो. अर्धं वर्ष तशी स्थिती असेल तर ढोबळमानाने ३.२ टन उरतात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर खाड्यांच्या आतल्या टोकांना पाणी गोडं होतं. त्यात बारा महिने सांडपाणी येतं. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर घेऊन मे, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये चिखलाच्या आतल्या पाण्याची क्षारता मोजा, १० आणि ३० सेंटिमीटर खोलीवर. खाडीच्या वरच्या पाण्याची क्षारता घेऊन चालत नाही. पाऊस अधिक तीव्र झाला तर गोड्या पाण्याचे महिने वाढू शकतात आणि समुद्र चढला तर खारं पाणी आणखी आत येतं. दोन्ही शक्यता मांडणीत ठेवा.

समुद्र आणि जमीन यांची शर्यत

इथून हवामानाची अनिश्चितता खऱ्या अर्थाने सुरू होते. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १९९५–२०१४ च्या तुलनेत २१०० पर्यंत जागतिक समुद्रपातळी कमी उत्सर्जनाच्या वाटेवर ०.३२ ते ०.६२ मीटर, मधल्या वाटेवर ०.४४ ते ०.७६ मीटर आणि अतिउत्सर्जनाच्या वाटेवर ०.६३ ते १.०१ मीटर वाढण्याची शक्यता आहे. बर्फाच्या थरांबद्दल खात्री कमी असल्याने याहून मोठी वाढही नाकारलेली नाही. सरासरी काढली तर मधली वाट दरसाल ४.६ ते ८ मिलिमीटर होते. सुरुवातीची दशकं याहून संथ आणि शेवटची वेगवान असतील.

खारफुटी गाळ धरून आणि मुळं वाढवून स्वतःची जमीन उचलते, पण तिला मर्यादा आहे. जुन्या गाळाच्या नोंदींवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, समुद्र दरसाल ६.१ मिलिमीटरहून वेगाने चढला की खारफुटीला तग धरणारी जमीन उभारणं बहुधा जमत नाही. तुमच्या जागेची मर्यादा गाळ किती येतो यावर ठरेल.

खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळी आणि सर्वोच्च भरतीरेषा यांच्या मधल्या पट्ट्यात जगते. म्हणून तुमची जमीन सरासरी पातळीच्या किती वर आहे, ही तिची शिल्लक. समजा समुद्र दरसाल ७ मिलिमीटर चढतो आणि जमीन ४ मिलिमीटर. तूट ३ मिलिमीटर. जमीन ४० सेंटिमीटर वर असेल तर १३३ वर्षं जातील. १५ सेंटिमीटर वर असेल तर ५० वर्षं. समुद्र १० मिलिमीटरने चढला तर हेच आकडे ६७ आणि २५ वर होतात. तीस वर्षांच्या प्रकल्पात दुसरी जागा मुदतीआधीच बुडते.

ही उंची मोजताना शून्य कुठलं धरलं ते तीनदा तपासा. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची चार्टच्या, म्हणजे सागरी नकाशाच्या, शून्यापासून असते, आणि मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. सर्वेक्षणाचे उंचीचे दगड सरासरी पातळीवर बांधलेले असतात. एक आकडा एकीकडचा, दुसरा दुसरीकडचा घेतला तर ४० सेंटिमीटरची शिल्लक अर्थहीन होते. समुद्रपातळीसाठी अपोलो बंदरच्या भरतीमापकाची नोंद आपल्याकडे आहे. १८७८ पासूनची ही नोंद हिंद महासागरातल्या सर्वात जुन्या नोंदींपैकी आहे. स्थानिक कल काढायला तीच वापरा.

मागे जागा आहे का, तेही नोंदवा. मोकळ्या किनाऱ्यावर समुद्र चढला की खारफुटी जमिनीकडे सरकते. आपल्याकडे मागे रस्ता, रेल्वेचा भराव, संरक्षक भिंत किंवा इमारती आहेत. विक्रोळी, भांडुप, मुलुंड इथल्या मिठागरांच्या सपाट जमिनी ही उरलेल्या थोड्या सरकण्याच्या जागांपैकी एक आहे. तिथे बांधकाम झालं तर समोरच्या खारफुटीचं अपेक्षित आयुष्य कमी होतं, आणि ही घट अहवालात रुपयांत दिसायला हवी.

रुपये आणि वर्षं

टनाचा भाव दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींची बेरीज करायची नसते. प्रकल्पाला पैसे मिळतील का, हे पाहताना क्रेडिटचा बाजारभाव घ्या. समाजाचा फायदा पाहताना टनामागचं सामाजिक नुकसान घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये २०२० च्या उत्सर्जनासाठी २ टक्के वटाव दराने (पुढचा पैसा दरसाल किती कमी मोलाचा धरायचा तो दर) १९० डॉलर काढले होते, २.५ टक्क्यांना १२० आणि १.५ टक्क्यांना ३४०. दर अर्ध्या टक्क्याने हलला की किंमत इतकी बदलते, म्हणून एकच भाव छापणं धोक्याचं आहे. पूर-संरक्षणाचा फायदा धरताना टळलेलं नुकसान किंवा पर्यायी भिंतीचा खर्च, यातलं एकच घ्या.

वटाव दराबद्दल अनिश्चितता असेल तर दरांची सरासरी काढू नका, वटाव-गुणकांची काढा. २ आणि ६ टक्के दोन्ही तितकेच शक्य असतील तर ५० वर्षांनंतरच्या रुपयाचं आजचं मूल्य ०.३७ आणि ०.०५, सरासरी ०.२१. हे ३.१ टक्के दराशी जुळतं. थेट ४ टक्के धरले असते तर ०.१४ आलं असतं. लांबच्या वर्षांतला कार्बन एक तृतीयांशाने स्वस्त दाखवला गेला असता.

झाडं मरण्याचा धोका वटाव दरात मिसळून टाकण्याची सवय सोडा. दरसाल १ टक्का धोका कायम धरला तर ४० वर्षं टिकण्याची शक्यता ६७ टक्के. तोच धोका ०.५ टक्क्यांपासून २ टक्क्यांपर्यंत चढत गेला तर ६० टक्के, आणि निम्म्याहून जास्त नुकसान शेवटच्या वीस वर्षांत. मे २०२१ च्या तौक्तेसारखी वादळं लक्षात घेता चढता धोका वर्षवार वेगळ्या स्तंभात ठेवा.

सोडती काढताना क्रम पाळा

आता माँटे कार्लो. प्रत्येक फेरीत आधी उत्सर्जनाची वाट निवडा, मग त्या वाटेला जुळणारा समुद्राचा वेग, मग त्या वेगाला जुळणारी जमिनीची तूट, वादळाचा धोका आणि टनाचं नुकसान. सगळे आकडे एकमेकांपासून सुटे काढले तर वेगवान समुद्राबरोबर शांत हवामान अशा अशक्य जोड्या बनतात, वाईट गोष्टी एकमेकींना छेद देतात आणि उत्तराचा पट्टा खोटाच अरुंद दिसतो. अहवालांत सर्वात जास्त दिसणारी आणि सर्वात कमी पकडली जाणारी चूक हीच.

मातीच्या कार्बनसाठी लॉगनॉर्मल वितरण घ्या, म्हणजे ऋण आकडे येत नाहीत. गाळाच्या वेगाच्या नोंदी कमी असतील तर किमान, बहुधा आणि कमाल असं त्रिकोणी वितरण पुरतं. दहा हजार फेऱ्या करा. सुरुवातीचा यादृच्छिक आकडा बदलून पुन्हा चालवा. खालच्या ५ टक्क्यांची रेषा २ टक्क्यांहून जास्त हलली तर फेऱ्या वाढवा. निकालात ५, ५० आणि ९५ टक्क्यांच्या रेषा द्या, फक्त सरासरी नको. क्रेडिटसाठी व्हीएम००३३ मध्ये ९० टक्के खात्रीला २० टक्के किंवा ९५ टक्के खात्रीला ३० टक्के चूक चालते. त्यापलीकडे श्रेय कापलं जातं.

निर्णय सरासरीवर सोडू नका

समजा एकाच जागेवर तीन पर्याय आहेत. पुढच्या चिखलपट्ट्यावर लागवड; बांध खोलून भरतीचं पाणी आत घेणं; आणि बांध खोलून शिवाय मागची पट्टी मोकळी राखणं. संथ, मध्यम आणि वेगवान समुद्रात हेक्टरी निव्वळ फायदा, नमुन्यादाखल लाख रुपयांत, असा धरू: लागवड १४, ५, उणे ९, बांध खोलणं १०, ७, १, बांध आणि पट्टी ६, ६, ५. संथ समुद्राची शक्यता ७० टक्के, मध्यम २० आणि वेगवान १० धरली तर लागवड सरासरीत जिंकते: ९.९ विरुद्ध ८.५ आणि ५.९. पण प्रत्येक भविष्यात सर्वोत्तम पर्यायापासून किती मागे राहिलो, हे पाहा. लागवडीचा सर्वात मोठा पश्चात्ताप १४ लाखांचा, पट्टीचा ८ लाखांचा आणि नुसता बांध खोलण्याचा ४ लाखांचा.

मध्यम समुद्र २० टक्क्यांवरच ठेवून पाहा: संथ समुद्राची शक्यता ६० टक्क्यांखाली गेली की सरासरीतही लागवड हरते. निर्णय ज्या आकड्यावर पालटतो तो हा, आणि तो अहवालाच्या पहिल्या पानावर हवा. वाचणारा अधिकारी ६० टक्क्यांवर वाद घालू शकतो. "अनिश्चितता आहे" या वाक्यावर कुणालाही वाद घालता येत नाही.

उघड्या चिखलपट्ट्यावरच्या लागवडीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: तिथे आपोआप झाडं आली नाहीत त्याला बहुधा कारण असतं. जागा खूप खाली असते किंवा लाटांचा मारा असतो. शिवाय २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत असलेल्या ठाणे खाडीत हेच चिखलपट्टे रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) ताट आहेत. दीड मीटरच्या अंतराने हेक्टरी ४,४४४ रोपं लावल्याचा आकडा कागदावर छान दिसतो. पण मूल्यमापनात लावलेली नव्हे, तिसऱ्या पावसाळ्यानंतर उभी असलेली रोपं धरा.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा आरेसारख्या डोंगर-जंगलासाठी हाच सांगाडा चालतो, फक्त समुद्राच्या जागी पावसाचा खंड आणि फेब्रुवारी ते मे मधले वणवे येतात. झाडांचं समीकरणही बदलतं, त्यात उंची लागते.

पुन्हा मोजायचं कधी

जमिनीच्या उंचीचा बदल मोजायला स्टीलच्या सळयांचा, ३६ टोकांच्या वाचनाचा सांगाडा पहिल्याच वर्षी रोवा. सळया आणखी खाली जाणार नाहीत इथपर्यंत ठोका आणि शेजारी फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या पुडीचा थर पसरा, म्हणजे वर साचलेला गाळ आणि खाली दबलेली माती वेगळी कळते. खेकडे थर उकरतात, म्हणून एका जागी तीन तरी चौकोन ठेवा. वाचन पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी त्याच महिन्यात आणि शक्यतो त्याच माणसाने करावं. पहिल्या दोन वर्षांच्या वाचनांवर कल काढू नका, सांगाडा स्थिर व्हायला वेळ लागतो. पाच वर्षांच्या वाचनात तूट ३ मिलिमीटरच्या वर निघाली तर संथ समुद्राची शक्यता, धोक्याचा स्तंभ आणि पर्यायांची तुलना नव्याने चालवा. लागवडीचा पुढचा हप्ता त्या निकालानंतरच मंजूर होईल, अशी अट करारात घाला.